कोपऱ्यावरची जागा

नारळी पौर्णिमेच्या दिवशी दर्या आमच्या स्वयंपाकघरात शिरला. भरदुपारी, बाराच्या सुमाराला. पौर्णिमेचं उधाण आमच्याकडे त्याच वेळेला चढतं, त्यामुळे वेळेचं नवल नव्हतं. तोवर पाणी मागच्या दारापर्यंत येऊन परत जायचं. त्या दिवशी त्यानं उंबरा ओलांडला.

मी तलासरीला शाळेत शिकवते. सासरही तिथलंच. माहेर धाकटी डहाणूचं, किनाऱ्याला लागून असलेल्या शेवटच्या आळीतलं. राखी बांधायला आले होते. भाऊ आणि मी जेवायला बसलो होतो, आई नारळीभात वाढत होती, वहिनी ओट्यापाशी पापड भाजत होती. दाराखालून आधी फेसाची एक रेघ आली, मग गढूळ पाणी आलं, आणि पाण्याबरोबर एक रबरी चप्पल, जी आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. वहिनी किंचाळली आणि त्याच दमात हसायला लागली. तिचं तसंच आहे; घाबरली की हसते. भाऊ ताट घेऊन उभा राहिला. मी ताट डोक्यावर धरलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. आई मात्र जागची हलली नाही. घोटाभर पाण्यात, हातात भाताचं पातेलं घेऊन ती दाराकडे बघत म्हणाली, "संध्याकाळी नारळ घेऊन आम्ही येणारच होतो की रे! एवढी काय घाई?"

मग काय, आम्ही तिघं हसत सुटलो. तासाभरानं पाणी उतरलं तेव्हा मात्र मागच्या भिंतीला जमिनीपासून खिडकीपर्यंत भेग पडलेली दिसली. भावानं तिच्यात बोटं घालून बघितली. ती पलीकडे बाहेर निघाली. तो हात धुऊन आला. आमच्या लहानपणी त्या भिंतीच्या मागे माडांची एक रांग होती, रांगेच्या पुढे वाळू होती आणि वाळूच्या पुढे दर्या होता. आता भिंत होती आणि दर्या होता.

गणपती झाल्यावर सरकारी कचेरीतून एक मॅडम आल्या. वयानं लहान, पायात स्पोर्ट शूज, हातात गुंडाळलेला नकाशा. दर्याला लागलेल्या घरांना आत, सरावलीच्या पुढे एका टेकाडावर, जागा आणि बांधलेलं घर देऊ केलं होतं. जबरदस्ती नव्हती. होड्या खाडीतच राहणार होत्या, धंदा तोच राहणार होता, राहायचं तेवढं उंचावर. सगळी आळी जमली. सगळ्यांनी नकाशा पाहिला, माना डोलावल्या, मॅडमना चहा दिला, सुक्या मासळीतली करंदी बांधून दिली आणि आपापल्या घरी गेले. कागदावर सही कोणीच केली नाही.

कारण सगळे दोन बायकांकडे बघत होते. एक माझी आई, दुसरी समोरची काकी.

या दोघींबद्दल सांगायला हवं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आल्या, एकाच पाटीतून मासळी विकायला शिकल्या आणि पुढे कधीतरी बोंबील वाळवायच्या मांडवावरून भांडल्या. दोन घरांच्या मध्ये मोकळी जागा होती, तिथे दोघींचे बांबूचे मांडव. काकीच्या मांडवाचा एक खांब आमच्या बाजूला दोन वीत सरकला, असं आईचं म्हणणं. खांब जागेवरच होता, आमचं घरच सरकलं, असं काकीचं म्हणणं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी थेट बोलायच्या बंद झाल्या. पण न बोलता राहणं दोघींनाही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मध्ये माणूस लागायचा. "सांग गो तिला, कावळे आलेत म्हणून." "सांग तिला, मला डोळे आहेत म्हणून." मध्ये माणूस नसला तर कोंबडी चालायची. मी स्वतः ऐकलंय, आई कोंबडीला सांगत होती की काही लोकांच्या घरी दूध उतू जातंय.

तर या दोघींचं उत्तर एकच. आई म्हणायची, "मी उठले की दुसऱ्या दिवशी ती माझ्या अंगणात मांडव घालील." काकी वहिनीला म्हणायची, "तुझ्या सासूला आधी जाऊ दे, मग बघू." आणि बाकीची आळी म्हणायची, या दोघी जात नाहीत म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक असणार.

दिवाळीच्या सुट्टीत मी परत आले तेव्हा आम्ही तिघांनी डहाणू रोडला एका रसवंतीत बसून कट केला. कट हाच शब्द बरोबर आहे. कल्पना वहिनीची. ती उसाच्या रसाचा ग्लास खाली ठेवत म्हणाली, "ताई, आपण आईंना सांगू, काकींनी कोपऱ्यावरची जागा मागितलीय म्हणून. आणि काकींना सांगू, आईंनी मागितलीय."

भाऊ म्हणाला, "खोटं?"

"खोटं कसं? अजून झालं नाहीये एवढंच."

नकाशात एका टोकाला खरंच एक कोपऱ्यावरची जागा होती, सगळ्यात उंच आणि दोन बाजूंनी मोकळी. मला इतकं हसू फुटलं की रस नाकात गेला. मी शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवते, याची वहिनीला आठवण करून देण्याआधीच तिनं कामं वाटून टाकली. आईला मी सांगायचं. काकीला ती नळावर गाठणार. भावानं काहीच बोलायचं नाही, कारण त्याचा चेहरा सगळं सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी आई बोंबील अडकवत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत गुंतवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची, हे काम ती न बघता करते. मी शेजारी बसले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "काकीचं काय गं, ठरलं म्हणे?"

"काय ठरलं?"

"कोपऱ्यावरची जागा मागितलीय तिनं. वारा चांगला आहे म्हणे तिथे."

आईचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पुन्हा जोडी अडकवत म्हणाली, "कोणत्या बाजूचा वारा?"

मी उठून आत गेले आणि वहिनीच्या खांद्यावर तोंड दाबून हसले.

चार दिवसांनी आईनं जाहीर केलं, की जागा नुसती बघून यायला काय हरकत आहे. त्याच संध्याकाळी काकीनंही तेच जाहीर केलं. मॅडमनी जीप पाठवली. आई पुढे बसली, काकी मागे माझ्याशेजारी. जीप सरावली सोडून टेकाड चढायला लागली तशी आई ड्रायव्हरला म्हणाली, "सांगा मागे, पदर सांभाळा म्हणून, वारा आहे." मागून उत्तर आलं, "सांगा पुढे, मला कळतंय म्हणून." बिचारा ड्रायव्हर उंबरगावकडचा, गुजराती बोलणारा. त्याला कळेना निरोप पोचवायचा की गाडी चालवायची.

वर मॅडम नकाशा घेऊन उभ्याच होत्या. वारा असा होता की मॅडमचा नकाशा हातातून सुटला आणि मॅडम आणि मी त्याच्यामागे धावलो. पश्चिमेला दूर, चिकूच्या वाड्यांच्या पलीकडे, दर्याची एक राखाडी पट्टी दिसत होती. आईनं त्या पट्टीकडे एकदा पाहिलं. मग तिनं पिशवीत हात घातला आणि ओल्या बोंबलांची एक जोडी बाहेर काढली. कुंपणाच्या तारेवर टाकली. काकीनं तिरक्या नजरेनं पाहिलं, आपल्या पिशवीतून दोन जोड्या काढल्या आणि त्याच तारेवर, थोड्या उंच, टाकल्या.

मॅडम म्हणाल्या, "हे काय?"

"घर बघायच्या आधी वारा बघायचा असतो," आई म्हणाली.

खालच्या पाड्यावरची एक बाई गवताचा भारा घेऊन येत होती. ती थांबली. दर वर्षी पावसाच्या आधी सुकी मासळी घ्यायला डहाणूच्या बाजारात येणारी, आईची जुनी गिऱ्हाईक निघाली. भारा खाली टाकून ती म्हणाली, "मावशी! तू इथे राहायला येतेस?"

"अजून ठरलं नाय. आधी हे वाळतात का बघायचंय. राखशील? कावळा-मांजर येईल."

"राखते की."

तीन दिवसांनी ती बाई बाजारात आली आणि फडक्याची गाठ सोडून तिनं बोंबील आईच्या पाटीवर ठेवले. कडकडीत, पांढरे, टोकाला किंचित पिवळे. आईनं एक मोडून बघितला. आवाज आला. काकी पलीकडेच मासळी विकत बसली होती, तिनंही मान लांब केली.

"सहा होते," आई म्हणाली. "हे चारच."

"दोन मी खाल्ले. नीट वाळलेत की नाय, बघायला नको?"

त्यानंतर जे सुरू झालं त्याची आम्ही कल्पनाही केली नव्हती. आईचे मला तलासरीला फोन यायला लागले, कधी मधल्या सुट्टीत, तर कधी तासाच्या मधोमध. "तिनं ओट्याबाहेर नळ मागितलाय. मलाही पाहिजे. अर्ज लिही." मी लिहायची. दोन दिवसांनी वहिनीचा फोन: "काकी म्हणतात, आईंना वाळवणासाठी फरसबंदी मिळणार आहे, मग त्यांनाही पाहिजे." मी तोही अर्ज लिहायची. मग पहाटे बंदरावर जायला टेकाडाच्या पायथ्याशी रिक्षाची सोय हवी. मग मासळीच्या पाट्या ठेवायला पत्र्याची शेड हवी. मग दोघींनाही कोपराच हवा, आणि कोपरा तर एकच. मॅडमनी तीन दिवस नकाशात डोकं घातलं आणि शेवटी ओळीच्या मधून एक रस्ता काढला. रस्ता काढल्याबरोबर दोन कोपरे झाले, समोरासमोर.

मॅडम मला फोनवर म्हणाल्या, "एक विचारू का? तुमच्या आई आधी कुठल्या युनियनमध्ये होत्या का?"

मी स्टाफरूममध्ये एवढ्या मोठ्यानं हसले की हेडमास्तर बघायला आले. पण हसून झाल्यावर आठवायचं: आईला मी फसवत होते. जिनं मला एकटीनं पाटी उचलून शिकवलं, तिला मी एका न मागितलेल्या कोपऱ्याच्या मागे पळवत होते. भावाला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "भिंत पडल्यावर खरं बोलून काय करणार आहेस?" त्याचंही बरोबर होतं. मी पुढचा अर्ज लिहिला.

शेवटी दोघींनी कागदावर सह्या केल्या आणि अक्षय्य तृतीयेला जायचं ठरलं. सकाळी दोन टेम्पो आळीत शिरले आणि अर्धी आळी बघायला जमली. आमच्या टेम्पोत कपाट, पाटे, जाळ्यांचे ढीग, देव्हारा, डब्यात लावलेला कढीपत्ता आणि सगळ्यात वर उलटी टांगलेली वहिनीची सायकल. काकीच्या टेम्पोत तेच सगळं, शिवाय एक टायर, कशासाठी ते तिलाच माहीत. सामान चढवून झाल्यावर आई मागच्या दारानं खाली दर्यावर गेली. मी तिच्यामागे गेले नाही. ओहोटी होती, ती बरीच लांब चालत गेली, वाकून पाणी डोळ्यांना लावलं आणि तशीच थोडा वेळ वाकलेली राहिली. परत आली तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं आणि डोळे लाल होते. म्हणाली, "चल. ती निघाली बघ."

काकीचा टेम्पो खरंच निघाला होता. मग आमच्या ड्रायव्हरला काय चेव आला कोण जाणे. स्टेशनजवळच्या गर्दीत आम्ही काकीला गाठलं, बाजारात तिनं आम्हाला मागे टाकलं, सरावलीच्या वळणावर दोन्ही टेम्पो शेजारीशेजारी आले. आई खिडकीतून ओरडली, "सांगा तिला, हळू जा, देव पडतील!" शेजारून काकी ओरडली, "सांगा तिला, माझे देव बांधलेत!" मागे सामानावर बसलेली वहिनी हसून हसून इतकी लोळली की भावानं तिला दोरीनं बांधायची धमकी दिली. टेकाडाच्या चढावर दोन्ही टेम्पो दमले आणि दोन्ही एकदमच वर पोचले.

दुपारपर्यंत सामान लागलं. पाड्यावरची ती बाई आंबे घेऊन आली होती, तिनं चूलही पेटवून दिली. मी पाणी आणायला बाहेर निघाले, ओट्याच्या कडेला वळले आणि जागीच थांबले. नव्या फरसबंदीवर आई आणि काकी पाय पसरून शेजारीशेजारी बसल्या होत्या. एकाच बशीत दोघी चहा ओतून घेत होत्या. मध्ये माणूस नव्हता. कोंबडीही नव्हती.

"शेड जरा लांब झाली गो," आई म्हणत होती.

"झाली खरी. पण नळ बरा मिळाला. तू नळाचं काढलंस म्हणून मिळाला."

"आणि तू रिक्षाचं काढलंस."

माझ्या हातातला हंडा खाली पडला. दोघींनी वळून पाहिलं. काकीनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलताना दिसत होते.

"ये, ये," आई म्हणाली. "बस. कोपऱ्यावरची जागा कशी आहे, सांग."

मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तू सांगितलंस त्याच दिवशी. एवढी मास्तरीण झालीस, तरी खोटं बोलताना नाक खाजवतेस. लहानपणापासून खाजवतेस. मी दुसऱ्या दिवशी बंदरावर हिला गाठली. होडी लागायची होती, दुसरं कोणी नव्हतं. म्हटलं, काय गो, तू कोपरा मागितलास?"

"मी म्हटलं, मी कुठे? तूच मागितलास ना? तुझ्या सुनेनं सांगितलं नळावर."

"मग आम्ही दोघी हसलो," आई म्हणाली. "इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच बोललो. होडी येऊन लागली तरी हसतच होतो. खलाशांना वाटलं, काय झालं या दोघींना."

"मग सांगायचं ना! मी एवढे अर्ज लिहिले, मला झोप लागत नव्हती..."

"सांगितलं असतं तर नळ मिळाला असता?" काकी म्हणाली. "तुम्ही पोरांनी आमची शर्यत लावलीत. आम्ही म्हटलं, लावलीच आहेत तर धावू."

इतक्यात वहिनी बाहेर आली. तिला मी एका वाक्यात सांगितलं आणि ती जी खाली बसली ती उठेना. तिच्याबरोबर आम्ही सगळ्याच. पाड्यावरच्या बाईला काय झालं ते कळलं नव्हतं, तरी तीही हसत होती. हसणं जरा ओसरल्यावर आईनं डोळे पुसले आणि फरशीकडे बघत म्हणाली, "भेग पडली त्याच दिवशी माझं मन उठलं होतं. हिचंही. पण पहिलं कोणी उठायचं? पहिली उठेल ती भ्याली म्हणतात. नवरे दर्यात गेले तरी आम्ही तिथेच राहिलो, आता म्हातारपणी भ्याल्या? म्हणून थांबलो होतो. तुझं खोटं आलं ते बरं झालं. मी भिऊन नाय आले. हिला कोपरा मिळू नये म्हणून आले."

"मीपण," काकी म्हणाली.

त्या पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी भावानं फोनवर सांगितलं, की आमच्या जुन्या घराची मागची भिंत गेली. आत कोणी नव्हतं. मी वर्गात होते. मुलांना धडा वाचायला सांगून बाहेर आले. मग घरी फोन लावला, तर आई दुसऱ्याच रागात. वाऱ्यानं तिची कपड्यांची दोरी तोडून काकीच्या अंगणात नेली होती आणि काकी ती देत नव्हती. दोघी पुन्हा थेट भांडायला लागल्या होत्या.

सगळं गोड झालं असं नाही. भावाला आता पहाटे तासभर आधी उठावं लागतं. आईला दर्याच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही, म्हणून ती थंडीतही पंखा लावते. आळीतली पाच घरं दिवाळीपर्यंत वर आली, काही अजून खालीच आहेत आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. पण मॅडमनी एक गोष्ट हेरली. पलीकडच्या आळीत माणसांना समजवायला जायचं होतं तेव्हा त्यांनी नकाशा घरी ठेवला आणि आई-काकींना जीपमध्ये घातलं. मला सुट्टी होती, मीही गेले.

तिथे एक म्हातारे काका जाळं विणत बसले होते. मॅडमकडे त्यांनी बघितलंही नाही. आई त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"काय आहे तिकडे?" काकांनी विचारलं.

"चढ आहे," आई म्हणाली. "गुडघे दुखतात. विंचू निघतात. समोर ही राहते, दिवसभर बडबडते."

"मग कशाला येऊ?"

"नको येऊ," काकी म्हणाली. "तुझी जागा आम्ही तुझ्या साडूला देऊ. तो विचारत होता."

मी काकीच्या नाकाकडे पाहिलं. ती नाक खाजवत नव्हती. मला मात्र हसू आवरेना, म्हणून मी जीपच्या मागे गेले. तिथून डोकावून पाहिलं, तर काकांनी हातातली सुई जाळ्यात खोचली आणि घरात बघून ओरडले, "माझा सदरा दे गं. जरा जाऊन येतो."